साबणाच्या पाण्यातले चमचे

प्लास्टर निघालं, पण माझ्या उजव्या हाताची बोटं काही वळेनात. आमच्याकडे लाकडाचे चमचे, डाव, वाडगे कोरायचं काम ह्यांचं. ते घासून गुळगुळीत करायचं आणि तेल मुरवायचं काम माझं. फडक्याने लावलं तर निम्मं तेल फडकंच पितं. बोटांनीच चोळावं लागतं, आणि लाकूड कुठे खरखरीत राहिलंय तेही बोटांनाच कळतं. ती बोटंच गेली तर मी काय नुसती बघत बसू? डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मी वैतागून डाव्या हाताने कपाटामागे भिरकावला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाई पांढराफटक पडलेला चमचा घेऊन आल्या.

"अगं, पाण्यात राहिला गं. बघतेस का जरा?"

"लाकूड भिजत घालायचं नसतं, किती वेळा सांगायचं तुम्हाला!" मी तणतणत तेलाची वाटी पुढे ओढली. बोटं ठणकत होती, तरी चोळलं.

मग रोजच काही ना काही यायला लागलं. आज डाव, उद्या वाडगा. वर "विसरले बाई" हे ठरलेलं. मी या घरात आल्या आल्या दूध उतू घालवलं होतं, ते ज्यांना अजून तारखेनिशी पाठ आहे, त्या बाई विसरतात? वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी मनातल्या मनात तोंडसुख घेतलं.

एक दिवस दांड्यावर काळी गाठ असलेला चमचा परत आला. नुकताच तर तेल पाजून दिला होता! माझं डोकंच फिरलं. चमचा घेऊन तशीच जिना चढले.

जाऊबाई ओट्याशी उभ्या होत्या. पातेल्यात साबणाचं कढत पाणी, आणि त्यात त्या स्वतःच्या हाताने एकेक चमचा बुडवत होत्या.

"मग काय करू?" त्या ओशाळल्या. "चेंडू तू फेकून दिलास. लाकडाचे हाल मात्र तुला बघवत नाहीत."

मी एकेक करून सगळे चमचे बाहेर काढले. पातेलं ओतून दिलं. चमचे पुसले, ओलं फडकं पिळलं. जाऊबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या, म्हणून मीही बघितलं. मूठ घट्ट मिटली होती.

"जाऊबाई, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही," म्हणताना मला रडूच फुटलं.

"विसरलीस तरी चालेल," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी आठवण करून देईन."