सुटलेला ससा शिकतो

मी एक जुना सर्चलाइट आहे. उम्म अल कुवैनच्या आतल्या भागात, जिथे समुद्र संपून नुसती वाळू सुरू होते, तिथे एक शेतवाडी आहे. तिच्या पंपघरातल्या फळीवर मी राहतो. फळीवर आम्ही एकूण आठ जण आहोत. ठिबकच्या नळीचं एक वेटोळं, नट आवळायचे दोन पाने, खजुराचा रिकामा डबा, गंजलेला विळा, कुत्रीचा तुटका पट्टा, एका पायाचा बूट आणि मी. खरं तर आम्ही नऊ असायला हवे होतो. नववं म्हणजे माझं लाल झाकण.

मित्रांनो, ते हरवलं नव्हतं. हरवलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. ते समोरच्या पिंपावर, वाडी सांभाळणाऱ्या खैरुद्दीनच्या चहाच्या ग्लासावर होतं. चहात माशी पडू नये म्हणून. दोन वर्षं मी ते रोज फळीवरून पाहत होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक हॅलोजनचा दिवा आहे आणि त्याच्यामागे खोलगट आरसा. आरशाचा बाक असा मोजून घडवला आहे की दिव्याचा उजेड इकडेतिकडे न सांडता सरळ झोतात निघतो. मला पिस्तुलासारखी मूठ आहे, खटका आहे आणि गुंडाळलेली स्प्रिंगसारखी वायर आहे. सोबत दोन झाकणं मिळाली होती, एक पारदर्शक आणि एक लाल. लाल झाकण कशासाठी असतं ते खोक्यावर चित्रासकट छापलं होतं. खोकं पहिल्याच संध्याकाळी शेकोटीत गेलं.

माझी चांगली वर्षं अरबाबबरोबर गेली. अरबाब म्हणजे या वाडीचे मालक. त्यांचे वडील शिकारी होते. मी इथे आलो तोवर सशांच्या शिकारीला मनाई होऊन बराच काळ लोटला होता. पण वडिलांनी शिकवलेलं अरबाबच्या हातात राहिलं होतं. हिवाळ्यात, चंद्र नसलेल्या रात्री ते निघायचे. मला धरायला खैरुद्दीन आणि दोरीला रीम. रीम ही त्यांची सलुकी कुत्री. लांब पायांची, बारीक कमरेची आणि वासापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणारी.

अरबाबचे नियम थोडे होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसत. वारा समोरून घ्यायचा, म्हणजे आपला वास सशाकडे जात नाही. चालताना दिवा बंद. थांबलं की लावायचा आणि झोत जमिनीलगत हळूच फिरवायचा. आपले पाय आणि आपली कुत्री कधीही उजेडात येऊ द्यायची नाहीत. ससा दिसला की झोत त्याच्या अंगावर न टाकता थोडा बाजूला ठेवायचा. जुन्या काळी याच वेळी कुत्री सोडत आणि ती झोताच्या कडेकडेने धावत जाई. अरबाब मात्र दोरी घट्ट धरून नुसतं पाहायचे, मग म्हणायचे, "खलास." दिवा बंद. ससा चरत राहायचा. त्याला कुणी आलं होतं हेसुद्धा कळायचं नाही. "अच्छा बत्ती है," असं ते एकदा म्हणाले होते. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, पण मला पुरलं.

पुढे अरबाबचे गुडघे दुखू लागले आणि ते शारजाच्या घरीच राहू लागले. वाडीवर त्यांच्या मुलाचे मित्र येऊ लागले.

मित्रांनो, त्यांच्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, नाहीतर माझा दिवा उडेल. ते मला गाडीच्या लायटरमध्ये खुपसत आणि खिडकीतून बाहेर धरत. गाणी चालू, गाडी चालू, मी आकाशात. जमिनीवर असायचो तेव्हा नेमका स्वतःच्याच कुत्र्याच्या डोळ्यांवर. कुत्रा तरी कोणता? बर्फातला. निळ्या डोळ्यांचा, जाड लोकरीचा, एसीत वाढलेला हस्की. सशामागे सोडला की तो शंभर पावलांत जीभ काढून बसायचा. पोरं हसायची. ससा झुडपांत नाहीसा व्हायचा. दोन हिवाळे दर शुक्रवारी हेच. मनाई असलेली गोष्ट करायचीच, आणि तीही इतकी वाईट. मला कशाचा जास्त संताप यायचा ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग या वर्षी जानेवारीत अरबाबचा फोन आला. खैरुद्दीनने तो स्पीकरवर ठेवला, कारण त्याचे हात तेलाचे होते.

"खैरुद्दीन, मेरा लडका बोलता है पीछे का जमीन में एक भी अरनब नहीं. उधर कॅम्प बनाएगा, रेती में गाडी चलाएगा."

अरनब म्हणजे ससा. मागची जमीन म्हणजे वाळूचा तो पट्टा, जिथे खैरुद्दीनने गाफची झाडं लावली होती. पंपाचं पाणी बादलीने वाहून त्याने ती जगवली होती. तो तेलाचे हात तसेच धरून उभा राहिला.

"अरनब है, अरबाब."

"एक रात में दस दिखाव. दस है तो जमीन ऐसाही रहेगा. नहीं तो खलास. और गिनती तुम्हारा लडकी करेगा. तुम झाडवाला है, तुम जास्ती बोलेगा."

खैरुद्दीनची मुलगी मुनिबा. मूळ घर रत्नागिरीकडचं, पण ती वाढली अजमानमध्ये. जीवशास्त्राची पदवी तिने नुकतीच घेतली होती. ती आली, तिने दोन किलोमीटरची वाट आखली आणि सांगितलं की तीन रात्री याच वाटेने, याच वेळी चालायचं.

गाडीचा आवाज नको म्हणून तिने बॅटरी स्वतःच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली आणि माझी वायर तिला क्लिपांनी जोडली. मी खैरुद्दीनच्या हातात. म्हणजे बाप आणि लेक माझ्या वायरीने एकमेकांना बांधलेले. तो डावीकडे ओढायचा, ती उजवीकडे. मधे ताणला जायचो मी. म्हातारी रीम दोरीला.

"अब्बा, लाइट खाली. विमान उतरवायचंय का?"

"मला शिकवू नको. अरबाबबरोबर मी बत्ती धरलीय."

"मग ती हलतेय का?"

"थंडी वाजते."

थोडं पुढे गेल्यावर तो एकदम थांबला. वाळूवर चमकणारे ठिपकेच ठिपके होते. "चौदा," तो कुजबुजला. "लिही. काम झालं."

"अब्बा, ते कोळी आहेत."

"कोळ्याचे डोळे चमकतात?"

"चमकतात. आठ असतात त्याला."

"मग चौदा भागिले आठ..."

"अब्बा."

तिने त्याला समजावलं की कोळ्याचा ठिपका बारीक, निळसर आणि जमिनीला चिकटलेला असतो. सशाचा डोळा वीतभर वर असतो आणि विझत्या निखाऱ्यासारखा दिसतो. मांजराच्या डोळ्यात असतो तसा आरसा सशाच्या डोळ्यात नसतो. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे बहुतेक वेळा एकच दिसतो. "म्हणून कान दिसले तरच ससा," ती म्हणाली. "नाहीतर नाही."

त्या रात्री तीन ससे दिसले. तिन्ही लांब आणि तिन्ही पळत. दुसऱ्या रात्री दोन. मी लागताक्षणी दूरवर वाळू उडायची आणि संपलं.

"दहा लिही ना," परतताना खैरुद्दीन हळूच म्हणाला. "माझी झाडं जातील, मुनी."

"मग मला कशाला बोलावलंत? तुम्हीच लिहायचे होते."

तो तरातरा पुढे निघाला. माझी वायर पंपघरापर्यंत ताणलेलीच राहिली.

सकाळी मुनिबा एकटीच त्या वाटेने जाऊन आली. परतली तेव्हा तिच्या तळहातावर फिक्या, गोल लेंड्या होत्या. खैरुद्दीन पिंपाशेजारी चहा घेऊन बसला होता. त्याने ग्लासावरचं माझं झाकण उचललं, घोट घेतला, झाकण पुन्हा ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत.

"ताज्या आहेत," ती म्हणाली. "सगळीकडे. गाफच्या खालच्या फांद्या कुरतडल्यात. दोन ससे एवढं करत नाहीत. म्हणजे ससे आहेत, आपल्याला दिसत नाहीत. अब्बा, हा लाइट मध्यंतरी कोण वापरायचं?"

खैरुद्दीनने आधी आवाज कमी केला, मग सगळं सांगितलं. गाडी, गाणी, पोरं, हस्की.

"त्या कुत्र्याने पकडले किती?"

"एकही नाही. त्याला चालतानाच धाप लागते."

मुनिबा हसली नाही. ती लेंड्यांकडे पाहत राहिली. "पकडलेला ससा काही शिकत नाही, अब्बा. सुटलेला शिकतो. दोन वर्षं इथला प्रत्येक ससा सुटलाय. पांढरा झोत दिसला की निघायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. आपण रोज जाऊन त्यांची उजळणी घेतोय."

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो.

"मग आता?"

"लाल उजेड हवा. सशाला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. अजमानला गिफ्टच्या दुकानात लाल कागद मिळेल, पण हॅलोजनवर तो वितळेल." ती पंपघरात येरझारा घालू लागली. "काच हवी. किंवा जाड प्लॅस्टिक. गोल. एवढ्या आकाराचं." तिने माझ्या तोंडाभोवती बोट फिरवलं.

खैरुद्दीन विचारात पडला. विचार करताना त्याला चहा लागतो. त्याने झाकण उचललं आणि गुडघ्यावर ठेवलं. दारातून ऊन येत होतं. त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर लाल गोल पडला.

"अब्बा, ते काय आहे?"

"झाकण."

"कशाचं?"

"ग्लासाचं. कशाचं म्हणजे?"

ती थांबली, तिने ते उचलून ओढणीने पुसलं आणि माझ्या तोंडावर दाबलं. खट् आवाज आला. त्या आवाजासाठी कारखान्यात कुणीतरी मापं घेतली होती.

खैरुद्दीनने उघड्या ग्लासावर तळहात धरला. मग म्हणाला, "आणि माझा चहा?"

"बशी वापरा."

तिसऱ्या रात्री वारा समोरून होता. लाल झाकणाने माझा झोत निम्मा झाला होता, म्हणून ती दोघं थोड्या थोड्या अंतरावर थांबत होती. बोललं कुणीच नाही. खैरुद्दीनचा हात हलत नव्हता. तो अरबाबबरोबर चालायचा तसा चालत होता आणि माझी वायर सैल होती. रीम पुढे बघायची. तिचे कान उभे राहिले की मुनिबा बापाच्या बाहीला बोट लावायची आणि मी लागायचो. लाल उजेडात सगळेच ठिपके लाल दिसतात, कोळ्यांचेही. त्यामुळे आता फक्त कानांवर भिस्त होती.

पहिल्याच झुडपाखाली कान होते. तो पळाला नाही. पाय चाटत बसला होता. मग दुसरा. गाफच्या रांगेत एकाजवळ एक तीन. त्यातल्या एकाने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाल्यात तोंड घातलं. खैरुद्दीनने झोत त्यांच्या थोडा बाजूला धरून ठेवला.

पुढेही असेच कान दिसत गेले. वाटेच्या शेवटाकडे एक डोळा दिसला, झुडपाआड, योग्य उंचीवर. कान दिसेनात. थोड्या अंतरावर आणखी एक. खैरुद्दीनने लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही. त्याने मला बंद केलं आणि वाद घातला नाही.

मित्रांनो, मी एक वस्तू आहे आणि मला मत विचारायची पद्धत नाही. तरी सांगतो. कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं झाकण चहावर ठेवण्याआधी खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. जनावराच्या मागे गंमत म्हणून कुत्रा सोडू नका. काही पकडलं नाही म्हणजे काही बिघडलं नाही, असं समजू नका. आणि ज्याच्या हातात मूठ आहे त्याने ती स्थिर धरावी. यापेक्षा जास्त मी मागत नाही.

सकाळी मुनिबाने शारजाला फोन लावला. खैरुद्दीन पिंपाशेजारी बसला होता. त्याच्या ग्लासावर बशी होती. तिने आकडे एकापाठोपाठ एक सांगितले. पांढरा उजेड, पहिली रात्र, तीन. पांढरा उजेड, दुसरी रात्र, दोन. लाल उजेड, तिसरी रात्र, कान न दिसलेले दोन सोडून, अकरा.