मासळीच्या गाडीखालची करडी

मी स्प्रिंग बोलतेय. इकडेतिकडे काय बघता? खाली बघा. अजून खाली. मासळीच्या टेम्पोच्या पुढच्या डाव्या चाकाशी चिखलाने माखलेलं एक करडं वेटोळं दिसतंय ना, तीच मी. वर बसलेले नुसते हॉर्न वाजवतात. खड्डे गिळते ती मी.

माझा जन्म बंगळुरातल्या यशवंतपूरचा, नरसिंहरावांच्या कारखान्यातला. लालबुंद सळईला वेटोळं घातलं, तेलात बुचकळलं, पुन्हा शेकलं आणि वरून बारीक छर्ऱ्यांचा मारा केला. बारशाआधीच एवढे हाल कुणाच्या वाट्याला आले नसतील.

नरसिंहरावांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं. मराठी टिकली, फक्त तिला कानडी फोडणी बसली. माणूस लाखमोलाचा. पण चकाकी दिसली की विरघळायचा. घरातली पितळी कडी ते रोज स्वतः घासत. स्प्रिंगाही तशाच लखलखीत हव्यात, हा त्यांचा हट्ट. म्हणून कारखान्यातल्या साध्या काळ्या रंगाला रजा देऊन त्यांनी चांदीसारखा जस्ताचा मुलामा सुरू करायचं ठरवलं होतं. चाळीस स्प्रिंगा मुलामेवाल्याकडून चमकून आल्यासुद्धा होत्या, आणि त्यातल्या सहा गिऱ्हाइकांकडे गेल्याही होत्या.

त्याच आठवड्यात शालनअक्का आल्या. कारवारच्या बाई, मासळीचे तीन टेम्पो चालवणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एक मोडकी स्प्रिंग काढली आणि टेबलावर दाणकन आपटली. काळ्या रंगाची, गंजून पोखरलेली, माझीच थोरली बहीण.

"अण्णा, ही तुमची. अरबैल घाटात तुटली. गाडी डोंगराच्या बाजूला गेली म्हणून माझा नागोजी जिवंत आहे. दुसऱ्या बाजूला दरी होती."

नागोजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, टेम्पोचा ड्रायव्हर. तो दारात उभा राहून ओशाळं हसत होता, जणू चूक त्याचीच.

"बर्फाचं खारं पाणी दिवसरात्र खाली गळतं," शालनअक्का म्हणाल्या. "त्यात टिकेल असा लेप द्या. नाहीतर हा शेवटचा नमस्कार."

"स्वल्प थांबा अक्का, उपाय तयार आहे!" नरसिंहरावांनी चांदीवाली पुढे केली. खरं सांगते, मलाही हेवा वाटला. काय रूप होतं!

"अप्पा, आधी तपासू या," संहिता म्हणाली. ही त्यांची लेक, पोलादाचं शिक्षण घेतलेली आणि बापाइतकीच हट्टी.

तिने तिघी निवडल्या. पहिली ती चांदीवाली. दुसरीवर पिवळ्याधमक पावडरीचा जाड रंग. तिसरी मी. मला जस्ताच्या बारीक चकत्यांच्या करड्या लेपात बुडवून भट्टीत भाजलं. बाहेर आले तेव्हा राखेत लोळलेल्या मांजरासारखी दिसत होते.

"ही कोण घेणार?" नरसिंहराव म्हणाले.

मी चिडून थोडी घरंगळले आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडले. योगायोग म्हणा.

मग संहिताने आम्हा तिघींवर खडी मारली, खिळ्याने ओरखडे काढले, गाडीचं वजन पडावं तसं जाड पाट्यांमध्ये बोल्टने आवळलं आणि मिठाच्या पाण्याचं धुकं फवारणाऱ्या पेटीत बसवलं. महिनाभराचा वनवास.

आता एक गुपित. संहिता नऊला यायची आणि नरसिंहराव साडेआठला. खिशातून वाटी काढायचे, पेटी उघडायचे आणि लाडक्या चांदीवालीला खोबरेल चोळायचे. तेल लावल्यावर मिठाची काय बिशाद चावायची! मी शेजारी बसून बघत होते. मला ओरडता येत नाही, नाहीतर अख्खं यशवंतपूर गोळा केलं असतं.

चौथ्या दिवशी संहिता लवकर आली, सोबत शालनअक्का. दोघी बाहेर फाटकाशी बोलत होत्या. नरसिंहरावांची पाठ दाराकडे, हातात तेलाचा बोळा. घाईघाईने शेवटचा हात फिरवणार, इतक्यात...

थाड!

चांदीवालीचे दोन तुकडे झाले. पाट्यांनी तुकडे धरून ठेवले, पण वाटी उडाली आणि सगळं तेल पांढऱ्या सदऱ्यावर. दोघी धावत आत आल्या. शालनअक्कांनी हवेत नाक फिरवलं. मासळीचा ताजेपणा वासावरून ओळखणारं नाक ते!

"खोबरेल," त्या म्हणाल्या. "अण्णा, स्प्रिंगला चंपी?"

संहिता खो खो हसली. मीही हसले असते, पण आवळलेली होते. मग तिने बोल्ट सैल केले. शालनअक्का तुटलेला तुकडा उचलून म्हणाल्या, "गंजाचा ठिपकासुद्धा नाही. मग तुटली का?"

संहिताने तुटलेलं तोंड उजेडात धरलं. "मुलामा चढवताना आम्लातून आणि विजेतून हायड्रोजन पोलादात शिरतो. लगेच भट्टीत भाजून तो घालवायचा असतो. मुलामेवाल्याने भाजलंच नसणार. असं कडक पोलाद मग आतून ठिसूळ होतं. बाहेरून काही दिसत नाही."

"आणि ही नागोजीच्या गाडीखाली गेली असती," शालनअक्का म्हणाल्या.

नरसिंहराव खुर्चीत बसले. सदऱ्यावरून तेल ठिबकत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी फोन उचलला. चांदीवाल्या स्प्रिंगा नेलेल्या एकेका गिऱ्हाइकाला सांगितलं, "गाडी बाहेर काढू नका. चूक माझी आहे. मी स्वतः येऊन उतरवतो." सहा फोन केले. तिसऱ्या फोनवर कुणीतरी बराच वेळ कानडीत तोंड सोडलं. नरसिंहराव मधूनमधून "सरी, सरी", म्हणजे बरोबर आहे, म्हणत राहिले, पण फोन ठेवला नाही.

महिना संपला. पिवळीच्या अंगावर खडीचा टवका उडाला होता, तिथून पाणी आत घुसलं आणि रंग पापडासारखा फुगला. संहिताने नखाने सोललं तर खाली तांबडा गंज. माझे ओरखडे मात्र होते तेवढेच राहिले. माझ्या लेपातलं जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. रूप नाही, पण गुण आहे, असं आमच्याकडे नवऱ्यामुलांबद्दल म्हणतात ना, तसंच.

तर मी नागोजीच्या टेम्पोखाली लागले, त्याला आता दोन पावसाळे झाले. घाट, खारं पाणी, बांगड्याचा वास, सगळं सोसते. कोरमंगल्यात हॉटेलांना मासळी पोचवताना ऑटोवाले वाट देत नाहीत, तेव्हा मी मुद्दाम कुरकुरते. नागोजीला वाटतं, काहीतरी बिघडलं. घाबरतो आणि सावकाश हाकतो.

काल टेम्पो तपासणीला यशवंतपूरला आला. नरसिंहराव पोतं अंथरून गाडीखाली शिरले आणि टॉर्च माझ्यावर धरला. चिखल पुसला आणि माझ्या बुडाशी, जिथे पाणी साचतं, तिथे बोट फिरवलं.

"संहिता, इथे पांढरी पूड धरतेय. जस्त संपत आलंय. वहीत लिही, पुढच्या खेपेला बुडाला दुहेरी लेप." मग मला टिचकी मारून हळूच म्हणाले, "चेन्नागिदिया, करडे? बरी आहेस ना?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी जरा टणत्कारले.

जाता जाता एक मागणं. गाडी धुता तेव्हा काचा लखलखवता, माझ्यापर्यंत कुणी वाकत नाही. आठवड्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी माझ्या अंगावर ओता. तेल नको, नुसतं पाणी.

चला, नागोजीने गाडी सुरू केली. पुढच्या वळणावर खड्डा आहे. तो मला दिसतोय, त्याला नाही. घट्ट धरून बसा!