माझ्याकडे तर चालतं

धाकट्या जावेने बाइंडिंग केलेली पुस्तकं आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसतील अशी मांडलेली आहेत. येणारा प्रत्येक जण एक उचलतो, त्याच्या पाठीवरून बोट फिरवतो आणि "वा!" म्हणतो. मी वेबसाइट बनवते. वेबसाइटच्या पाठीवरून बोट फिरवायला कोण येतंय? सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "धाकटीच्या हातात कला आहे हो. थोरली काय, कॉम्प्युटरवर असते." जणू मी तिथे माश्या मारते. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखतं. सहा वर्षं दुखतंय.

त्यात मोठ्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्याची एक जागा काढली. एकच, पण कायमची. अर्ज वेबसाइटवरून करायचा, सोबत आपल्या कामाचे पाच फोटो. आणि तो फॉर्म बनवायचं काम आमच्याच कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

शेवटच्या दिवशी सकाळी ओट्यापाशी धाकटी म्हणाली, "ताई, कालपासून फोटो चढतच नाहीयेत. चाक गोल गोल फिरतं नि मग 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. आज पाचला मुदत संपतेय."

"माझ्याकडे तर चालतं," मी म्हणाले. आमच्या धंद्यात सगळे आधी हेच म्हणतात. "नेट बघ तुझं."

"नेट चांगलंय हो. फोनही नवा आहे."

फोन नवा आहे हे मला सांगायची गरज नव्हती. भाऊजींनी तो मागच्या महिन्यात तिच्या हातात ठेवला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. माझ्या फोनच्या काचेला दोन वर्षांपासून तडा आहे.

ऑफिसात पोचले तर साहेबांकडेही तशीच तक्रार आलेली. मी माझ्या फोनवरून फोटो काढून पाठवला. गेला. आणखी चार पाठवले. गेले. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. आलेली प्रत्येक फाइल आणि परत पाठवलेली प्रत्येक फाइल तिथे वेळेसकट लिहिलेली असते. साडेअकरा वाजले होते. एकोणीस जणांचे फोटो दारातूनच परत गेले होते, आणि कारण एकच: फाइल फार मोठी.

सर्व्हरच्या दारावर एक प्रोग्रॅम पहारा देतो. केवढी फाइल आत सोडायची हे त्याला सांगून ठेवावं लागतं. फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं होतं, 'दहा एमबीपर्यंत'. दारावर मात्र मूळची एक एमबीची मर्यादा तशीच राहिली होती. माझ्या जुन्या फोनचे फोटो जेमतेम पाऊण एमबीचे, म्हणून ते आरामात आत. नव्या फोनचे पाच-सहा एमबीचे, ते बाहेर. एकदा जरी जावेकडे फोन मागितला असता तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तिच्याकडे काही मागायचं म्हणजे माझी जीभच रेटत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

एक आकडा बदलायचा होता. दोन मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही. चहा घेतला, दुसरी फाइल उघडली, बंद केली. तिला ती जागा मिळाली तर सासूबाई काय काय बोलतील ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. उरलेल्या अठरा जणांचा विचारही माझ्या मनात आला नाही.

बाराला तिचा फोन आला. "बघतेय," मी म्हणाले. दोनला आला. "अजून सापडत नाहीये." चारला पुन्हा वाजला, तेव्हा तिचा आवाज हसरा होता. "ताई, झालं एकदाचं! आईंच्या जुन्या फोनने सगळे फोटो परत काढले. पटकन चढले. तुम्हाला उगाच दिवसभर त्रास दिला."

मी सर्व्हरवर तिचा अर्ज उघडला. खरं म्हणजे मनात उकळ्या फुटायला हव्या होत्या. फोटो अंधारे होते. चामड्यावरची सोनेरी वेल म्हणजे नुसता पिवळा डाग. शिवणीचे टाके दिसतच नव्हते, आणि एका फोटोच्या कोपऱ्यात सासूबाईंचं बोट. एकदा पाठवलेला अर्ज बदलता येत नव्हता, तोही माझाच नियम.

मी बघत बसले. सहा वर्षं मी ज्यावर जळत होते, ते हे नव्हतं. आमच्या घरात तिचं काम किती चांगलं आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. बाकीचे "वा!" म्हणून पुस्तक खाली ठेवतात. मी मात्र कोणी नसताना प्रत्येक टाका मोजलाय, कुठे तरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. असलं काम असल्या फोटोंवरून हरणार, हे माझ्याने बघवेना.

आकडा बदलला आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "चूक फॉर्मची नाही, माझी आहे. मुदत वाढवायला हवी."

"ग्रंथालयाला लेखी द्यावं लागेल," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "काय झालं, कधी कळलं, सगळं. नोंदवहीशी जुळलं पाहिजे."

मी लिहून दिलं.

सातला घरी पोचले तर ती फोन घेऊन पुढे आली. "ताई, मुदत वाढली! उद्या पाचपर्यंत, आणि पाठवलेले फोटोही बदलता येतील!" ती सासूबाईंना मेल वाचून दाखवू लागली आणि मध्येच थांबली. माझा मजकूर जसाच्या तसा सगळ्या अर्जदारांना गेला होता.

"'हा दोष सकाळी साडेअकरा वाजता लक्षात आला,'" तिने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "मी बाराला फोन केला होता, ताई."

"हो."

"मग दोनला."

"हो," मी म्हणाले. चारच्या फोनचं तिने काढलं नाही.

तिने खुर्ची ओढली आणि नव्या फोनमधले पाचही फोटो एकेक करून चढवले. कुठे अडलं नाही.

"थोरलीला दाखव की एकदा," सासूबाई म्हणाल्या. "नीट गेलंय की नाही, तिला कळेल."

"नको, आई," ती फोन बंद करत म्हणाली. "त्यांना आधीच कळलेलं असतं."