साखराबाईच्या हाकेचा मालक

पालीच्या धुळाजीनं घोंगड्यांच्या धंद्यासाठी मोबाइलवर पेज काढलं, तेव्हा त्यावर बायकोचा व्हिडिओ टाकला होता. साखराबाई हाक मारते आणि मेंढरं धरणाच्या काठानं पळत येतात, एवढंच त्यात होतं. गेल्या साली साखराबाई गेली. त्याच्या आधीच मूळ व्हिडिओचा फोन धरणात बुडाला होता, म्हणून तिचा आवाज तेवढा पेजवरच उरला. धुळाजी रोज दिवस कलला की तो लावायचा आणि मेंढरं मुकाट घरी यायची.

मग कुण्या डीजेवाल्यानं ती हाक उचलून गाण्यात घातली आणि गाणं स्वतःच्या नावावर नोंदवलं. दुसऱ्याच आठवड्यात पेजवरचा आवाज बंद झाला. साखराबाईचं नुसतं तोंड हलायचं.

"आबा, आपण डीजेचा आवाज चोरला म्हणतेत पेजची कंपनीवाले," पोरगी रोहिणी म्हणाली.

"तुझ्या मायनं चोरला?"

"हरकत घेता येती. पण मूळ आवाज ज्याचा हाय, त्यानंच अर्ज करायचा."

"मग लिही, ती सध्या रेंजमधी न्हाई."

रोहिणीनं तसंच लिहिलं. अर्ज फेटाळला गेला.

पुढं गावात एक वरात निघाली. डीजेवर तेच गाणं लागलं आणि धुळाजीची सव्वीस मेंढरं थेट वरातीत शिरली. नवरदेवाची घोडी बुजली.

"धुळाजी, हाकल की मेंढरं," लोक म्हणाले.

"गाणं लई मोठं न्हाई. संपू द्या," धुळाजी म्हणाला.

हाक परत आली, तशी मेंढरं स्पीकरकडं सरकली. धुळाजीही त्यांच्याबरोबर दोन पावलं सरकला.