यादीत पहिलं कोण

दुरुस्तीवाली आत शिरली तेव्हा दोघी जावा एकाच कॉम्प्युटरकडे पाठ करून बसल्या होत्या. दुकान रबरी शिक्क्यांचं आणि दारावरच्या पाट्यांचं. थोरली शिक्के कोरायची. तिचं मशीन जुन्या सिस्टिमखेरीज कुणाचं ऐकायचं नाही. धाकटी पाट्यांची डिझाइनं करायची, तिला नवी सिस्टिम लागायची. तिसरी सिस्टिम घरच्या जावयाने, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याने टाकलेली. तो वर्षातून दोनदा यायचा, तिच्यात पत्ते खेळून जायचा. पण जावयाची म्हटल्यावर ती काढायची कुणाची छाती होती!

कॉम्प्युटर सुरू केला की तिन्हींची यादी यायची, हवी ती निवडायची. काल धाकटीची सिस्टिम अपडेट झाली आणि यादीच गायब. आता काहीही केलं तरी धाकटीचीच सिस्टिम उघडत होती.

"मुद्दाम केलंय," थोरली म्हणाली.

"मी फक्त 'हो' दाबलं," धाकटी म्हणाली. "दुसरं काही दाबताच येत नव्हतं."

"या घरात मीही एकदाच 'हो' म्हटलं होतं. बघा काय झालं ते."

दुरुस्तीवालीने पेनड्राइव्ह लावून त्यावरून कॉम्प्युटर उठवला. तिन्ही सिस्टिम डिस्कवर धडधाकट होत्या. सुरुवातीची यादी तेवढी नव्याने बसवायची होती. अर्ध्या तासात ती परत आली. पहिली जावयाची, दुसरी धाकटीची, तिसरी थोरलीची आणि खाली चौथी ओळ, मेमरी टेस्ट.

"मी तिसरी?" थोरली उठून उभी राहिली. "बावीस वर्षं खस्ता खाल्ल्या आणि मी पत्त्यांच्या खाली?"

"तसं काही नसतं हो. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, तर पहिली आपोआप सुरू होते, एवढंच. क्रम बदलून देते."

थोरलीला वर घेतलं, तर धाकटीच्या डोळ्यांत पाणी. धाकटीला वर घेतलं, तर थोरली पिशवी उचलून दाराशी. विचारून घ्यावं म्हणून जावयाला फोन लावला. "आम्हाला शेवटीच ठेवा, आम्ही परकेच," म्हणून त्याने फोन आपटला. दोन मिनिटांत नणंदेचा फोन आला, "ते जेवत नाहीयेत."

दुरुस्तीवालीने कपाळ पुसलं. "अक्षरांच्या क्रमाने लावूया का?"

लगेच थोरलीने आपल्या सिस्टिमचं नाव 'अ' ठेवायला सांगितलं. धाकटी म्हणाली, "मग माझं '१'. आकडे अक्षरांच्या आधी येतात."

तेवढ्यात कोपऱ्यात पितळी पाट्या घासत बसलेले सासरे जवळ आले. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत.

"ते चौथं काय आहे?"

"मेमरी टेस्ट, काका. स्मरणशक्ती तपासायची."

"बरं झालं. किती दिवस म्हणतोय, तपासून घ्यावी. लाव."

ती कॉम्प्युटरची, हे सांगायला दुरुस्तीवालीने तोंड उघडलं, पण थोरलीने तिचा हात दाबला. बाबा खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर आकडे धावू लागले तसे ते पुटपुटू लागले. आधी पाढे, मग लहानपणच्या वर्गातल्या मुलांची हजेरी, मग आजवर कोरलेल्या पाट्यांवरची नावं.

"बाबा, पाणी?"

"परीक्षा चालू आहे."

"नापास झाले तर?" धाकटीने हळूच विचारलं.

"शुभ बोल गं!" थोरली म्हणाली, आणि दोघी एकाच बाकावर टेकल्या. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी खुणेनेच थांबवलं.

तासाभराने पडद्यावर आलं: एकही चूक नाही. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "हीच वर ठेव. रोज देणार."

सासऱ्यांच्या पुढे कोण जाणार? यादी ठरली. जावयालाही कळवलं, तेव्हा तो जेवला.

आता रोज सकाळी दोघी यादीसमोर उभ्या राहतात. "तुम्ही निवडा." "छे, तूच निवड." मानपानात दहा सेकंद सरतात, परीक्षा सुरू होते आणि दुकान तासभर उशिरा उघडतं. तो तास दोघी जावयाच्या नावाने बोटं मोडण्यात घालवतात. त्यात त्यांचं एकदाही वाजलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात दुरुस्तीवालीला पुन्हा निरोप आला. यादी बिघडली असेल म्हणून ती पेनड्राइव्ह घेऊन धावत गेली. बाबा दारातच उभे होते.

"नुसतं पास काय, कुणीही होतं," ते म्हणाले. "मार्क किती पडले, ते कुठे दिसतं?"