सगळ्यांचा हात लागलेला डबा

परत आलेले डबे हुंगल्याशिवाय, गावातल्या आजारी-अडलेल्या घरांना जेवण पोचवणाऱ्या हातभार मंडळाचा दिवस सुरू होत नसे. वाचनालयामागच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलावर डबे ओळीनं मांडले जायचे आणि मोठ्या बाई एकेकाचं झाकण उघडून आत नाक घालायच्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले, त्यामुळे त्यांच्या नाकापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. डबा खरकटा निघाला तर ते घर कृतघ्न. लख्ख निघाला तर, "साबणाला पैसे आहेत बरं का ह्यांच्याकडे!" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या आणि कांदे चिरायच्या.

चष्मेवालीला हे सगळं पाहून मळमळायचं. तशी ती मुळातच किळसखोर. मुख्य रस्त्यावर तिचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि लोकांच्या काड्यांना चिकटलेला कानामागचा मळ पुसण्यात तिची निम्मी हयात गेली होती. पण तो मळ निदान पुसला की जात होता. मोठ्या बाईंचं डब्यात घातलेलं नाक काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून जात नसे.

तरीही ती मंडळात होती, कारण तिची धाकटी बहीण अडचणीत होती. धाकटीला बाळ झालं आणि त्या बाळंतपणात तिचं हृदय अशक्त झालं. उभं राहायचं नाही, उचलायचं नाही, चुलीपुढे तर जायचंच नाही, आणि मीठ जवळजवळ बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिठानं अंगात पाणी साठतं, पाणी साठलं की हृदयावर भार येतो. पुढच्या तपासणीला सूज दिसली तर सरळ भरती करून घेईन, बाळ घरी ठेवावं लागेल, असंही ते म्हणाले होते. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेला की आठवडेच्या आठवडे त्याचा फक्त आवाज फोनवर यायचा. चष्मेवालीचं दुकान सकाळी उघडायचं ते दिवे लागल्यावरच बंद व्हायचं. मग तिनं मंडळाकडे डबा मागितला. ज्याच्या माणसाला डबा, त्यानं मंडळात राबायचं, असा नियम होता. दुकान उघडायच्या आधी ती तिथे भाज्या धुवायची, मग डबे भरायची.

मंडळाचे आणखी दोन नियम होते आणि दोन्हींचा बायकांना भारी अभिमान. एक, सेवेच्या अन्नाला आपण तोंड लावायचं नाही. चवीपुरतंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या तोंडचा घास तो, आपण कसा उष्टवायचा? दुसरा, पातेल्याला सगळ्यांचा हात लागला पाहिजे. मंडळात चौघीच होत्या तेव्हा प्रत्येकीनं रश्श्यात आपल्या हातानं मीठ घालायची पद्धत पडली. पुढे मंडळ वाढलं. हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. पातेलं मात्र तेच राहिलं, आणि पद्धतही तीच राहिली. येणारी प्रत्येक बाई डोळे मिटून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, आपलं मीठ टाकत गेली. चव कुणी घेतच नव्हतं, तर सांगणार कोण?

धाकटीसाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं, छोटंसं, बिनमिठाचं. मोठ्या बाईंनी स्वतः जाहीर केलं, "ह्या पातेल्यात कुणी मीठ घालायचं नाही. आजारी मुलगी आहे." सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. पहिल्याच दिवशी चष्मेवाली त्या पातेल्यापाशी एकटी उभी होती. आत गाजरं, बटाटे, शेंगा शिजत होत्या. लहानपणी धाकटीला अळणी काही दिलं की ती ताट सरकवून द्यायची, ते तिला आठवलं. तिनं चार कण टाकले, अगदी चारच, आणि ढवळलं. एवढ्याशानं काय होतंय, असं तिला वाटलं. मग रोज सकाळी डबा भरताना तिचे चार कण पडत गेले.

आणि धाकटीचा डबा अर्धा भरलेला परत यायला लागला.

"बघा!" मोठ्या बाईंनी डबा तिरका करून सगळ्यांना दाखवला. खाली रस्सा साचला होता, वर साय धरल्यासारखा तवंग. "पुन्हा तेच! लोकांना फुकटचं मिळालं की अन्न माजतं. खाल्ल्या मिठाला तरी जागावं माणसानं." मग त्यांनी चष्मेवालीकडे वळून आवाज मऊ केला, तो जास्तच टोचला. "तुझी बहीण आहे म्हणून आजवर बोलले नाही हो. पण रांगेत दुसरी घरं आहेत."

औषधवाल्यांची बायको, जिला सगळ्या वहिनी म्हणत, तिनं हळूच चष्मेवालीच्या पाठीवर हात ठेवला. "आजारपणात माणूस चिडचिडं होतं गं. समजावून सांग तिला."

चष्मेवालीचे कान लाल झाले. त्या दिवशी तिनं दुपारीच दुकानाला कुलूप घातलं आणि तशीच धाकटीकडे निघाली. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेली. तू मला तोंडघशी पाडलंस. लोक तुझ्यासाठी पहाटे उठतात. नखरे करायचे हे दिवस आहेत का?

दार उघडंच होतं. बाळ पाळण्यात झोपलं होतं. धाकटी मोरीपाशी स्टुलावर बसून चाळणीत काहीतरी धूत होती. चष्मेवालीनं वाकून पाहिलं. आजच आलेल्या डब्यातली गाजरं आणि बटाटे होते. धाकटी नळाखाली चाळणी धरून त्यांना चोळत होती. रस्सा मोरीतून वाहून चालला होता.

"हे काय चाललंय?"

धाकटी दचकली. चोरी पकडल्यासारखी हसली. "ताई, तू ह्या वेळी?"

"अन्न धुतेस? अगं, अन्न कुणी धुतं का?"

"सगळेच धुतात," धाकटी म्हणाली. "पलीकडची आजी दोनदा धुते. कोपऱ्यावरचे ते पंगू काका रस्सा फेकून नुसता पाव खातात. कुणी सांगत नाही इतकंच. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणायचं का आम्ही? आणि माझा डबा तर तू लावून दिलेला. तुला खाली बघायला लागलं असतं ना."

चष्मेवालीनं डब्यात उरलेला रस्सा बोटानं चाखला. तिची जीभ आखडली. समुद्राचं पाणी नाकातोंडात गेल्यावर होतं तसं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ती मोरीत थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. आणि मग तिचं लक्ष धाकटीच्या पायांकडे गेलं. रोज रात्री ती यायची तेव्हा ते पाय पांघरुणात असायचे. आता ते उघडे होते. घोटा कुठे आहे ते कळत नव्हतं. चप्पल बोटांना आवळत होती.

"हे कधीपासून?"

"धुतलं तरी थोडं आत राहतंच गं," धाकटी म्हणाली. "आणि भूक लागते. बाळाला पाजते ना मी. परवा तपासणी आहे. मला भरती नको करू देऊस, ताई. बाळाला कोण बघेल?"

जुळवून आणलेलं सगळं भाषण चष्मेवाली विसरली. तिनं त्याच पावली डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आणि परवापर्यंत सूज उतरली नाही तर आपला नाइलाज आहे, असं दारातच सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचली, छोटं पातेलं चुलीवर चढवलं आणि त्याच्यासमोर, खांबाच्या आडोशाला उभी राहिली. तिला फार वाट पाहावी लागली नाही. पहिली आली बँकेतल्या साहेबांची सासू. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मिठाच्या डब्यात बोटं घातली, डोळे मिटले, आणि छोट्या पातेल्यावर बोटं चोळली. मग वहिनी आली. तिनंही तेच केलं, वर दोन्ही हात जोडले. मग आणखी एक. मग दोघी जोडीनं आल्या, पण एकीनं दुसरीला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात आपलं काम उरकलं. चेहऱ्यावर काय ती माया! चष्मेवालीला वाटलं, आपल्याला इथेच ओकारी होणार.

शेवटी खुद्द मोठ्या बाई आल्या. त्यांची बोटं जाडजूड होती.

"बाई, ते पातेलं बिनमिठाचं आहे ना?" चष्मेवाली पुढे आली.

मोठ्या बाई जराही बावरल्या नाहीत. "आहेच. पण अगदीच कुणाचा हात नको का लागायला? एवढीशी चिमूट. माझी एकटीची."

"एकटीची? वहिनी, तुम्ही काय केलंत आत्ता? आणि तुम्ही? मी इथे उभी राहून बघतेय! सगळ्याजणी तिच्या जिवावर उठल्यात. पाय सुजून खांब झालेत तिचे. गाव तुमचं अन्न धुऊन खातंय, आहे का पत्ता? खा, एकदा खाऊन बघा तुम्ही!"

सगळ्याजणी, असं ती म्हणाली खरी. त्यात आपलं नाव तिनं घेतलं नाही.

मोठ्या बाईंनी शांतपणे चमचा घेतला, पातेल्यात बुडवला आणि तोंडात घातला. त्यांच्या गालाची एक शीर उडाली. डोळ्यांच्या कडा ओलावल्या. पण शाळेत साहेबलोक तपासणीला आले की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा त्यांनी केला, आणि गिळलं.

"छान झालंय की," त्या म्हणाल्या. "उलट जरा कमीच आहे."

त्यांनी चमचा वहिनीपुढे केला. वहिनीनं घास घेतला, तो तोंडात इकडून तिकडे फिरवला. घरचं औषधांचं दुकान, स्वतःला रक्तदाबाची गोळी, सगळं त्या बाईला ठाऊक. तिनं डोळे मोठे करून गिळलं आणि मान डोलावली. मग बँकेतल्या साहेबांची सासू. मग बाकीच्या. एकच चमचा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात फिरत राहिला. प्रत्येकीचा चेहरा आंबायचा आणि प्रत्येकजण "छान, छान" म्हणायची. मंडळाचा न उष्टवण्याचा नियम कुणाला आठवलासुद्धा नाही. इतकं घाण दृश्य चष्मेवालीनं जन्मात पाहिलं नव्हतं. कानामागचा मळ परवडला.

"कुणाकुणाच्या तोंडाची चवच गेलेली असते," मोठ्या बाईंनी निकाल दिला. मग सगळ्याजणी पाण्याच्या माठाकडे गेल्या, एकमेकींकडे न बघता.

चष्मेवालीनं दुकान बंद ठेवलं. सकाळभर धाकटीच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरल्या, उकडल्या, लिंबू पिळलं, मिरपूड घातली, आणि दर पाच मिनिटांनी चव घेतली. अळणी ते अळणीच. धाकटीनं मात्र ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. तिला भूक होती एवढंच, चवीचं तिनं काही म्हटलं नाही. जेवण झाल्यावर ती पलंगावर पडली. चष्मेवालीनं तिचे पाय मांडीवर घेतले आणि हलके हलके चेपायला लागली. बाळ शेजारी चुळबुळत होतं. अंगातला राग अजून उतरला नव्हता, पण हातातल्या पायांमुळे जरा बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारात वहिनी उभी राहिली. हातात डबा.

"मोठ्या बाई मनात काही ठेवत नाहीत हो," ती म्हणाली. "त्यांनीच पाठवलं. आणि सकाळी वादावादी झाली ना, म्हणून आज आवर्जून सगळ्यांनी पुन्हा एकदा हात लावलाय. तिला लवकर बरं वाटावं म्हणून."

चष्मेवाली जागची हलली नाही. "तो डबा तसाच घेऊन जा. आणि मोठ्या बाईंना म्हणावं, हुंगा."

वहिनीचा चेहरा पडला. "असं काय बोलतेस? प्रेमानं..."

"इकडे या. या ना! अंगठ्यानं दाबा इथे. दाबा."

वहिनीनं भीत भीत धाकटीच्या पायावर अंगठा टेकवला आणि काढला. कातडीत खड्डा पडला. तिघीजणी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो भरून येईना.

वहिनी मटकन स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला खरंच माहीत नव्हतं गं," ती धाकटीला म्हणाली. "आपली एवढी आजारी पोर, सगळं अळणी कसं खाईल, म्हणून. मी तर चिमूटभरच घालत होते."

चष्मेवालीच्या जिभेवर शिव्या तयार होत्या. ढोंगी, आंधळी, माणूसमारी, सगळ्या ओळीनं. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातली एकही बाहेर आली नाही. वहिनीचं ते वाक्य तिला शब्दन् शब्द ओळखीचं होतं.

"मी पण," ती म्हणाली.

धाकटीनं उशीवरून मान उचलली. ताईकडे पाहिलं. मग तिनं आपले पाय तिच्या मांडीवरून काढून घेतले आणि पांघरुणात लपवले.