मावशीची सवत

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंतर्यामी महाराजांनी डोळे मिटले आणि समोरच्या शिंप्याला सांगितलं, की मेव्हण्याने घराच्या वाटणीबद्दल लिहिलंय, उत्तर देऊ नकोस. शिंप्याने त्यांचे पायच धरले. ते पत्र त्याने बायकोलाही दाखवलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतल्या मावशीने तेवढी टाळी वाजवली नाही. ती रुग्णालयात रक्त तपासायची. नळीवर चिठ्ठी असली तरी रुग्णाला नाव विचारल्याशिवाय सुई न लावणारी बाई, ती एवढ्याने थोडीच भुलणार! ती आली होती भाचीसाठी. भाचीला दूरच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली होती, होकाराची मुदत उद्या संपत होती, आणि पोरीने ते घरात सांगितलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात तिची आई, म्हणजे मावशीची ताई, तिला इथे घेऊन आली, तर महाराज म्हणाले, मुलीने अशुभ पत्र लपवलंय, मी ते नाहीसं करतो. घरी येऊन बघतात तो मेलमधलं पत्र खरोखरच गायब. भाचीने रडून घर डोक्यावर घेतलं, पण ताईचा हेका एकच: न बघता ज्यांना पत्र दिसलं, ते खोटं कसं बोलतील?

इथे येण्याआधी मावशीने भाचीला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. फोन जवळ ठेवू देतात का? नाही, शांती भंगते म्हणे. दारावर ठेवून घेतात. नाव कसं नोंदवलंस? महाराजांच्या वेबसाइटवर, मेलचा पत्ता आणि पासवर्ड देऊन. पासवर्ड कुठला, तर सगळीकडचा तोच. मावशीने कपाळावर हात मारला.

मग तिने नवीन मेल उघडली, तिला फोनवर येणाऱ्या आकड्यांचं दुसरं कुलूप लावलं आणि स्वतःलाच पत्र धाडलं: तुमच्या नवऱ्याने इथे दुसरा संसार थाटलाय. त्याच मेलचा पत्ता आणि पासवर्ड वेबसाइटवर दिला, आज फोन दारावर निमूट ठेवला आणि ताईला शेजारी बसवलं.

तिची पाळी आली तसा महाराजांनी उसासा टाकला. "बाई, मन घट्ट कर. तुझ्या नवऱ्याने तुला सवत आणलीय."

सभागृह हळहळलं. ताईने मात्र चमकून मावशीकडे पाहिलं. धाकटी बहीण पंचेचाळिशीला आली तरी लग्नाच्या वाटेला गेली नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"सवत राहू द्या," मावशी म्हणाली, "आधी नवरा दाखवा. माझी आई कधीची त्याची वाट बघतेय."

"तो मागच्या जन्मीचा," महाराज सावरून म्हणाले.

"सवतीचं पत्र तर मीच मला मेलवर धाडलं. मागच्या जन्मी माझी मेल होती?"

लोक हसू लागले. ताई मात्र हसली नाही. ती तरातरा दाराशी गेली आणि फोन ठेवायच्या टेबलामागचा पडदा तिने ओढला. आत एक चेला महाराजांच्या कानात कुजबुजायचा माईक लावून संगणकासमोर बसला होता. संगणकावर मावशीचं पत्र उघडं होतं, आणि शेजारी मावशीच्या कुलूपबंद फोनच्या पडद्यावर सहा आकडे झळकत होते. महाराजांचं पितळ असं उघडं पडलं.

"दोन कुलपं होती," मावशीने सांगितलं. "एकाची किल्ली पासवर्ड, दुसऱ्याची हे आकडे. दोन्ही किल्ल्या आपणच यांच्या हातात दिल्या."

मग दुसरं कुलूप लावूच नये का, शिंप्याने विचारलं.

"लावायचंच. ते होतं म्हणून तर यांना फोन मागावे लागले. पण फोन कुलूपबंद असताना पडद्यावर संदेश दिसू द्यायचे नाहीत. त्याहून बरं म्हणजे आकडे देणारं अ‍ॅप घ्यायचं, फोन उघडल्याशिवाय त्यातलं काही दिसत नाही. फोन हरवला तर लागणारे राखीव आकडे कागदावर उतरवून घरात ठेवायचे. आणि पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा."

शिंपी चार माणसं घेऊन पोलिसांकडे गेला. न बघता सगळं दिसतं असं कोणी म्हणालं, तर लोकहो, पाया पडण्याआधी एवढंच विचारा, की बघितलं कुठून?

घरी भाचीने आधी पासवर्ड बदलला. शिष्यवृत्तीचं पत्र हटवलेल्या पत्रांच्या ढिगात सुखरूप होतं. होकारावर बोट ठेवून तिने आईकडे पाहिलं.

ताईचे डोळे भरून आले. "तुझ्या मनात काय आहे, हे त्या माणसाला विचारायला मी दोन तास रांगेत उभी राहिले," ती म्हणाली. "तुला एकदाही विचारलं नाही. दे, होकार दे."